पाऊस निरंक

आमच्या घरात वाघ बघायला जायचा विषय निघाला की त्याच्या आधी आभाळाचा विषय निघायचा. त्याला कारण बाबा. बाबा नायगावला महसूलच्या कचेरीत कारकून होते आणि आवारातलं पर्जन्यमापक त्यांच्या ताब्यात होतं. पावसाळाभर रोज सकाळी साडेआठला ते नळकांड्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचे, गुडघे टेकून डोळा मापाच्या रेघेशी आणायचे, आकडा नोंदवहीत लिहायचे आणि मग नांदेडला फोन लावायचे. पाऊस पडला नसेल त्या दिवशी 'निरंक' असं लिहायचं. निरंक म्हणजे काहीच नाही. कचेरीतला हा शब्द आमच्या घरात इतका मुरला होता की डबा रिकामा झाला की माय म्हणायची, "साखर निरंक हाय, येताना आणा." कचेरीची नोंदवही पावसाळ्यापुरती होती, पण बाबांची स्वतःची एक वही होती, तिच्यात बाराही महिने लिहिलेलं असायचं. आभाळ कसं, वारा कुठला, पाऊस किती. दुसरं काही नाही. मला ताप आला, अक्काला बघायला पाहुणे आले, आत्या वारली, यातलं काही त्या वहीत नाही. आत्या वारली त्या दिवशी सकाळी धुकं होतं, एवढंच आहे.

एकदा बाबा दोन दिवस गावाला गेले असताना शिपायाने मापाकडे न जाता, अंथरुणातूनच पावसाचा आवाज ऐकून अंदाजाने आकडा टाकला होता. बाबांना ते कसं कळलं कोण जाणे. त्यांचा आवाज चढलेला मी जन्मात एकदाच ऐकला, तो तेव्हा. "माणसाला खोटं बोल एक वेळ," ते म्हणाले, "पर पाणी मोजल्याबिगर वहीत आकडा लिहायचा न्हाई." शिपाई बिचारा पुढे कितीतरी दिवस आमच्या घरावरून जाताना मान खाली घालायचा.

वाघाचं खूळ आमच्या डोक्यात घातलं ते मामानं. मामा अर्धापूरला राहायचा, त्याची एक जीप होती. केळीच्या हंगामात तिच्यात केळी, एरवी माणसं. किनवटच्या पुढे जंगलाच्या रस्त्यानं जाताना वाघ आडवा गेला, असं तो दर दिवाळीला सांगायचा आणि दर दिवाळीला वाघ हातभर लांब व्हायचा. अक्का त्याची फिरकी घ्यायची, "मामा, पुढच्या वर्षी जीपमधी मावंल का वो तो?" पण जायचं मात्र ठरलं. चौघांनी जायचं. बाबा, माय, अक्का आणि मी. मामा जीप घेऊन येणार. तिकडचे एक वनरक्षक बाबांच्या ओळखीचे होते, ते पाणवठ्याजवळ बसायची सोय करणार. सगळं ठरलं होतं, फक्त महिना ठरत नव्हता.

थंडीत जावं तर मायचा दमा. पहाटे उघड्या जीपमध्ये दोन तास बसली की तिला धाप लागणं ठरलेलं. शिवाय बाबा म्हणायचे, थंडीत ओढ्यानाल्यांना पाणी असतं, जनावर कुठंही पितं, आपल्याला कशाला दिसंल? पावसाळ्यात जंगलात वाट राहत नाही, काळ्या मातीत चाक रुतलं की चार बैल लागतात काढायला, आणि शिपायाच्या त्या प्रकारानंतर बाबा तर माप सोडून एक दिवसही हलायचे नाहीत. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गवत जीपच्या वर गेलेलं असतं, त्यात वाघ शेजारी बसला तरी कळणार नाही. फाल्गुनात गारा पडतात. मार्चात परीक्षा. राहिला मे. मेमध्ये सगळे झरे आटतात, एकदोन डोह तेवढे उरतात आणि झाडून सगळ्या जनावरांना तिथंच यावं लागतं. पण मेमधलं आमच्याकडचं ऊन म्हणजे काय, ते मराठवाड्यात राहिलेल्याला सांगायला नको. बाबांनी त्याचाही बंदोबस्त लिहून काढला होता. पहाटे निघायचं. दहाच्या आत सावलीला बसायचं ते चारशिवाय हलायचं नाही. माठाला ओलं पोतं गुंडाळून तो जीपमध्ये बांधायचा. गूळ आणि मीठ घातलेलं पाणी तहान नसली तरी प्यायचं. प्रत्येकाच्या खिशात एक कांदा. भडक कपडे कुणी घालायचे नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वळवाच्या पावसाआधी जायचं, कारण एक पाऊस झाला की रानात जागोजागी डबकी साठतात आणि मग पाणवठ्याकडे कुणी फिरकत नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं. अजूनही आहे.

हे असं ठरत असतानाच मला शिकायला लातूरला ठेवलं. त्या काळात नांदेड जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत हे वारं शिरलं होतं, पोरगं जरा हुशार निघालं की लातूरला धाडायचं. मी डॉक्टर व्हावं असं बाबांना वाटत होतं. मला काय वाटत होतं ते मलाच माहीत नव्हतं. एका बाईंच्या घरी मागची खोली मिळाली. दोन पलंग होते, पण दुसरी मुलगी पंधरा दिवसांतच रडत घरी निघून गेली आणि तिच्या जागी कुणी आलंच नाही. मी दोन वर्षं त्या रिकाम्या पलंगासमोर बसून अभ्यास केला. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, त्या दिवशी गल्लीत पहाटेपासून घागरींचा दणदणाट असायचा आणि मला तो फार आवडायचा, कारण त्या दिवशी कुणीतरी माझ्याशी बोलायचं, निदान नंबरावरून भांडायला तरी. एरवी भिंतीपलीकडे पोरी मोठ्यानं पाठ करून राहायच्या, तो आवाज. दुपारी डबा यायचा. भाजी रोज वेगळी असायची आणि चव एकच. घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी मी मोजून खायची, दर भाकरीला एक चमचा, म्हणजे ती महिना पुरायची. बाबा मला सोडायला आले होते तेव्हा जाताना ते बराच वेळ खोलीच्या दारात उभे राहून आभाळच बघत होते. मी वाट बघत होते की काहीतरी बोलतील. "पाऊस येणार न्हाई आज," म्हणाले आणि गेले.

मी फार एकटी होते. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही आणि नंतर सांगण्यात काही अर्थ राहिला नाही, म्हणून इथे लिहिते. रविवारी संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन मी नांदेडच्या गाडीची पाटी वाचून परत यायची. कुणाला सोडायला नाही, कुणाला आणायला नाही. त्या दिवसांत मला तगवलं ते वाघानं. अक्काचं लग्न ठरलं होतं, जेठ महिन्यातलं. त्याच्या आधी चौघांनी जायचं आणि ते माझ्या मेडिकलच्या परीक्षेनंतर, मेमध्ये, असं पक्कं झालं होतं. बाबांचं पत्र आलं होतं, 'तुझी परीक्षा झाली की बुद्धपौर्णिमा. पौर्णिमेची खीर खाऊन दुसऱ्या दिवशी निघू.' अक्का एकदा सासरी गेली की चौघांचं असं पुन्हा जमणार नव्हतं, हे मला कळत होतं. रसायनशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर मी जीपचं चित्र काढून चौघांच्या जागा ठरवल्या होत्या. मायच्या बाजूची, वाऱ्याकडची जागा माझी.

परीक्षा दहा ते एक होती. एक वाजता मी बाहेर आले तेव्हा फाटकाशी पोरींचे बाप छत्र्या घेऊन उभे होते. कुणी लिंबूपाणी आणलेलं, कुणी टरबुजाच्या फोडी. एकजण लेकीच्या डोक्यावर ओला पंचा धरून चालत होता. आमचे बाबा येणार नाहीत हे मला माहीत होतं, तसं ठरलेलंच होतं, तरी मी दहा मिनिटं लिंबाच्या झाडाखाली उभी राहिले. मग खोलीवर गेले, पिशवी उचलली, घरमालकीणबाईंना सांगितलं आणि स्टँड गाठला. पिशवीत मातकट रंगाचा एक ड्रेस होता, जंगलासाठी म्हणून मी तो दोन महिने अंगाला लावला नव्हता. खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता, पण नांदेड मागे पडलं आणि मला गाणं म्हणावंसं वाटायला लागलं.

नायगावात उतरून घरी आले तर दाराला कुलूप. शेजारच्या शांतामावशी ओट्यावर कुरडया उचलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, ते गेले की जंगलात, किनवटला. काल सकाळीच." मग माझं तोंड बघून त्यांनी घाईघाईनं किल्ली आणून दिली. "तुझ्या बाबांनी आभाळ बघितलं, म्हणले दोन दिवसांत वळवाचा येतोय, मग काय दिसायचं न्हाई. पौर्णिमेला अजून पाच रोज हायेत. पोरीला कळवायचं न्हाई, तिचा पेपर बिघडंल, म्हणले. तुझी माय न्हाई म्हणत होती जायला. पर मामा जीप घेऊन दारात उभा, आन् अक्काचं लगीन तोंडावर." मी हो हो म्हणत कुलूप काढलं. आत माठ भरलेला होता, ताटाखाली धपाटे झाकून ठेवले होते. माझ्या वाटणीचे. मी ते खाल्ले नाहीत. त्या घरात मी जन्मले, पण त्या संध्याकाळी तिथं पाहुणी असल्यासारखी कोपऱ्यात बसून राहिले. सकाळी अंगणात बाबांनी घरच्या वहीसाठी ठेवलेलं पत्र्याचं माप बघितलं. कोरडं ठणठणीत होतं.

दुपारी जीप आली. मला दारात बघून चौघंही जीपमध्येच बसून राहिले. बाबा आधी उतरले आणि त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "पेपर कसा गेला?" मी उलट विचारलं, "वाघ दिसला?" मामा जीपचं फडकं शोधायला लागला. मग बाबाच म्हणाले, "कशाचा दिसतोय. तिकडं काल पाऊस झाला. जागोजागी डबकी. पाणवठ्यावर चिटपाखरू न्हाई. निरंक." माय खाली मान घालून पोतं सोडत होती. मी म्हणाले, "बरं झालं." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी थांबले नाही. म्हणाले, "माझ्याबिगर गेलात ना, मग बरंच झालं न्हाई दिसला ते. लई बरं झालं." मोठ्यानं म्हणाले, शांतामावशींना ऐकू जाईल असं. अक्का आत निघून गेली. जीपच्या चाकांना चिखल नव्हता, नुसती धूळ होती, हे मला तेव्हाच दिसलं होतं. पण माणसाला हवं ते पटलं की मग तो चाकांकडे बघत नाही. मला ते पटवून घ्यायचंच होतं. त्यांना दिसला नाही म्हणजे माझं काही गेलं नाही, असा सरळ हिशेब होता माझा.

पौर्णिमेला मायनं खीर केली, नेहमीपेक्षा जास्त, आणि मला दोनदा वाढली. अक्काचं लग्न झालं, ती मुरुडला गेली. मेडिकलला माझा नंबर लागला नाही, थोडक्यात हुकला. त्यावरून मला घरात कुणी एक शब्द बोललं नाही. मी लातूरलाच पुढचं शिकले, नांदेडला शाळेत लागले आणि सगळा जन्म भूगोल शिकवण्यात गेला, मोसमी वारे, परतीचा पाऊस, अमुक महिन्यात अमुक. जंगलाचा विषय आमच्या घरातून पुसला गेला. मामासारखा बढाईखोर माणूस, पण वाघाचं नाव निघालं की तंबाखू थुंकायला म्हणून बाहेर जायचा. मला वाटायचं, जीप फुकट गेली म्हणून त्याला लाज वाटते. पुढे बाबा गेले, माय गेली, मामाही गेला.

आता हे सगळं का आठवलं, तर मुलामुळे. तो पुण्याला असतो, सून आणि दोन नाती. गेल्या महिन्यात त्यानं फोन केला, "आई, सगळे मिळून सफारीला जाऊ. तूच सांग कधी जायचं." मोबाइलवर त्यानं पंधरा दिवसांचं तापमान काढलं होतं, तरी मला विचारत होता, कारण आजोबांच्या वहीचे किस्से त्यानं ऐकले होते. सून म्हणाली, मेमध्ये पोरींना ऊन बाधेल, डिसेंबर बरा. दोघांचंही बरोबर होतं. मी म्हटलं, थांबा, बघून सांगते. घर आवरताना अक्कानं बाबांच्या वह्यांची पिशवी माझ्याकडे आणून ठेवली होती, ती मी इतक्या वर्षांत उघडली नव्हती. तेव्हा मे कसा असायचा, वळीव कधी यायचा, एवढंच बघायला म्हणून मी चष्मा लावून बसले. आणि बघता बघता त्या वर्षाची वही हातात आली.

बाबा कुठंही गेले तरी वही सोबत असायची आणि वर गावाचं नाव असायचं. माझ्या पेपरच्या दिवसाच्या ओळीवर लिहिलं होतं, 'किनवटपुढील जंगल. आभाळ निरभ्र. वारा पडलेला. ऊन कडक. पाऊस निरंक.' आदल्या दिवशीही निरंक. परतीच्या दिवशीही निरंक. मी त्या तीन ओळी किती वेळा वाचल्या असतील. मग पान उलटलं. वळीव पौर्णिमेनंतर सातव्या दिवशी आला होता. म्हणजे बाबांचा अंदाजच चुकला होता. ते थांबले असते, तर चौघं गेलो असतो.

मी अक्काला फोन लावला. ती आता मुरुडला सुनेच्या हाताखाली आहे, गुडघे गेलेत, कानही जरा मंद झालाय. इकडचं तिकडचं न बोलता मी तिला ती ओळ वाचून दाखवली.

"दिसला होता," अक्का म्हणाली. "लई मोठा होता गं. पाण्यात बसला होता, आमच्याकडं पाठ करून."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"येताना रस्त्यात बाबा म्हणले, पोरगी एकली राहिली, तिला काय सांगायचं? आपण कुणीच बघितला न्हाई असं धरायचं. मायनं तर बाबासायबांच्या फोटोची शपथ..." इथं ती थांबली. "मायनं हात पुढं करून आमच्याकडून शब्दच घेतला. मग कुणी बोललंच न्हाई. मायजवळ मी आन् माझ्याजवळ माय, एकमेकीतसुद्धा न्हाई बोललो. सासरी पण मी कुणाला सांगितलं न्हाई. आत्ता तुलाच पहिल्यांदा सांगून राहिले."

मी रागावायला हवं होतं की रडायला, मला समजेना. आयुष्यातली एवढी एकच मोठी गोष्ट त्या चौघांना मिळाली होती, आणि माझ्यासाठी त्यांनी ती आपापल्या पोटात ठेवून दिली. मी मात्र दारात उभी राहून त्यांना म्हणाले होते, बरं झालं. आता माफी मागायची तर कुणाची मागू? आणि खरं सांगायचं तर याहून वेगळंही काहीतरी मनात होतं, ते लिहायलाच हवं. त्या खोट्यातही ते चौघं एकत्र होते. मी त्याच्याही बाहेरच होते.

"कसा होता, नीट सांग," मी म्हणाले.

"काय सांगू? दुपारची वेळ. आम्ही झोपडीत दबून बसलो होतो, सगळे खिशातला कांदा धरून. तो आला, वळला आन् आधी बूड पाण्यात घातलं, म्हाताऱ्या माणसावाणी. मामाची बोलती बंद. मी मायचा हात धरला. आन् बाबा..."

"बाबा काय?"

"बाबांनी त्याच्याकडं जरासं बघितलं. मग घड्याळ बघितलं. एक वाजला होता. हळूच म्हणले, 'आत्ता पेपर सुटला असंल तिचा. उन्हात उभी असंल.' आन् मायला रडू फुटलं. मग आम्ही कशाचा वाघ बघतोय, मायला गप करत बसलो. वर बघितलं तवर तो गेला होता."

मी फोन कानाला लावून बसले होते. मांडीवर वही उघडी होती. एक वाजता मी लिंबाच्या झाडाखाली उभी होते, दहा मिनिटं, कुणाची वाट बघत होते ते मला माहीत नव्हतं.

"रमे," अक्का म्हणाली. "हायेस का गं?"

"हाव," मी म्हणाले. "हाय."